होळीनंतर वेळास: कासवाची पिल्लं, पक्षी, डॉल्फिन... काय जमेल?

मिहीर_पुणे:
धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला निघतोय. आई-बाबा, बायको आणि सात वर्षांची लेक. दोन मुक्काम. लेकीला कासवाची पिल्लं बघायचीत, बाबांना पक्षी, आणि आईचं म्हणणं "डॉल्फिन दिसला तर बरं, पण बोट हलायला नको." पिल्लं नक्की दिसतात का? मार्चमध्ये पक्षी उरतात का? आणि दुर्बीण घ्यायचीय, ऑनलाइन ३० पट झूमवाली स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

केळशीकरीण:
माझं माहेर केळशी, वेळासच्या खालचाच किनारा, म्हणून लिहितेय.

पिल्लांची हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडे उतरू नका. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते आणि जाते. कुत्री-कोल्ही ती उकरतात, म्हणून अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची, हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला २००२ साली सुरू केलं. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, ती सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाला उचलतात. खाली कधी पन्नास पिल्लं, कधी नुसती वाळू. मार्चमध्ये शक्यता चांगली असते, पण दोन्ही वेळा हजर राहा.

पिल्लू जेमतेम दोन पेरांएवढं. ओल्या वाळूवर वल्ही मारत निघतं, लाट आली की उलटं फेकलं जातं, वळतं, परत निघतं. लेकीला दोरीच्या मागे पहिल्या रांगेत बसवा. उचलून पाण्यात सोडायचं नसतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड होते. (मोठी माणसंही रडकुंडीला येतात, सेल्फी मिळाला नाही म्हणून.)

आता बाबांचं. मार्चच्या शेवटाला कुरव (सीगल) बरेचसे उत्तरेकडे निघालेले असतात, पण चिखले (प्लोव्हर), तुतारी (सँडपायपर), सुरय (टर्न) भेटतात. फक्त हॉटेलच्या घड्याळाने जाऊ नका, ओहोटीने जा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतोच. पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी लांबवर मागे जातं. पाणी उतरायला लागलं की चिखले वाळूवर पसरतात: धावतात, थांबतात, टोच मारतात, पुन्हा धावतात. तुतारी मात्र चालता चालता टोचत राहतात. बाबांनी पिसांचे रंग नंतर बघावेत, आधी चाल बघावी. आणि पायाखालीही बघा. बारक्या खेकड्यांनी चाळून टाकलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती रांगोळीसारख्या पसरलेल्या असतात.

समुद्र गरुड चुकवू नका. पांढरं पोट, राखाडी पंख, शेपूट पाचरीसारखी. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं असतं आणि खाली समुद्रसापांची हाडं पडलेली सापडतात. गावात विचारा, कुणीही झाड दाखवेल. फार जवळ जाऊ नका, तेव्हा घरट्यात पिल्लू असू शकतं.

अर्धवट_भटका:
डॉल्फिनसाठी दापोलीजवळच्या मुरूड-हर्णै बाजूला बोटी मिळतात. तिथे दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, उथळ पाण्यात किनाऱ्याजवळच राहणारे, म्हणून काकूंना फार आत जावं लागणार नाही. एक सांगतो. आमच्या बोटवाल्याने पाठ दिसली रे दिसली की इंजिन फुल्ल करून मागे लावलं. दोन मिनिटांत सगळे गायब, पैसे आणि डिझेल दोन्ही पाण्यात. तेव्हा पैसे ठरवतानाच सांगा: लांबूनच बघायचंय, इंजिन हळू ठेवायचं. सकाळी लवकर, वारा उठायच्या आत जा.

दुर्बिणवाला:
३० पट अजिबात नको. हातात धरली की चित्र थरथरतं आणि पक्षी सापडेपर्यंत उडालेला असतो. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. काका चष्मा लावत असतील तर डोळ्याजवळची रबरी कडा खाली फिरवता येते ना, तेवढं दुकानातच बघून घ्या.

मिहीर_पुणे:
सगळ्यांचे आभार. बाबांनी लगेच पंचांग काढलं. वद्य तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सव्वाआठला ओहोटी, बरोबर? म्हणजे सातला पिल्लं आणि मग थेट पक्षी. ताम्हिणी, माणगावमार्गे येतोय. आणि ओडिशाची कासवं इकडे येतात असं वाचलं, ते खरं का?

केळशीकरीण:
गणित बरोबर. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, हे खरं आहे. त्याआधी २०२२ साली वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावला होता, तिचं नाव प्रथमा. लेकीला तिची गोष्ट सांगा.

हरिहरेश्वरवरून आलात तर बागमांडले-वेसवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडा, तिला वळसा घालावा लागत नाही. शेवटची फेरी किती वाजता ते विचारून निघा. फेरीत गाडीतच बसून राहू नका, ब्राह्मणी घारी तिथेच डोक्यावर फिरतात. शिमग्याचे दिवस आहेत, खोली आत्ताच फोन करून धरा. आणि वाटेत पालखी आली तर गाडी बाजूला घेऊन थांबा, हॉर्न वाजवू नका.