मदत हवी आहे: 'हम्प'वर कोसळलेलं विमान ओळखायचं कसं?

अरुणाचलातल्या ट्रेकमध्ये दाट जंगलातल्या उतारावर एका जुन्या विमानाचे अवशेष दिसले. बहुधा दुसऱ्या महायुद्धातले असावेत. १९४२ मध्ये चीनला रसद पोचवणारा बर्मा रोड तुटल्यावर आसामातून चीनमधल्या कुनमिंगला सगळी रसद हिमालयाच्या पूर्व टोकावरून हवाईमार्गे जायची; याच मार्गाला 'हम्प' म्हणत. बर्फ, वादळी वारे आणि ढगांत दडलेले डोंगर यांनी त्या मार्गावर शेकडो विमानं गिळली.

आम्ही कशालाही हात लावला नाही, फक्त फोटो काढले. इंजिनाला दोन रांगांत मिळून १४ सिलिंडर दिसतात. म्हणजे त्या मार्गावरच्या मालवाहू विमानांपैकी सी-४६ नसावं, कारण त्याच्या इंजिनाला १८ असतात. पण सी-४७ आणि सी-८७ दोन्हींना १४ सिलिंडरचीच प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० इंजिनं होती! मग फरक कशावरून करायचा? सी-८७ ला चार इंजिनं असतात हे माहीत आहे, पण आम्हाला एकच सापडलं. एका तुकड्यावर आकडे कोरलेत. ते सुट्या भागाचे की विमानाचे, हे कसं कळतं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही जागा आधीच नोंदलेली आहे का, हे कुठे तपासू? तिथे कुणाचे तरी अवशेष अजून असतील, हे मनातून जात नाही. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी यंत्रणेला थेट कळवावं की आधी जिल्हा प्रशासनाला? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. नेमकं ठिकाण इथे मुद्दाम देत नाही.