गाडी लावली, आता कुणीकडं जायचं? जत्रा, संमेलनं, प्रदर्शनांतले तुमचे अनुभव

मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन एका मोठ्या कृषी प्रदर्शनाला गेलो होतो. आई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे अधू. पण ठिबकचे आणि रोपवाटिकांचे स्टॉल तिलाच बघायचे होते, शेत अजून तीच सांभाळते. गाडी लावली तिथून मांडव समोर दिसत होता, म्हणून चालत निघालो. निम्म्यात गेल्यावर बल्ल्यांचं कुंपण आडवं आलं. दार पार पलीकडच्या अंगाला. वळसा घालेपर्यंत आई दोनदा खाली बसली आणि आत शिरल्यावर पहिल्याच रांगेत म्हणाली, "चल बाबा, घरी जाऊ." आयोजकांनी पाणी ठेवलं होतं, डॉक्टर ठेवला होता. गाडीतून उतरलेला माणूस मांडवापर्यंत कसा पोचेल, हे मात्र कुणी चालून बघितलं नव्हतं.

आपल्या मराठवाड्यात वर्षभर कुठं ना कुठं माणूस लोटतो. माळेगाव, पैठण, येरमाळा, तुळजापूर, शिवाय सप्ते, मेळावे, संमेलनं. तुम्ही पाहुणे म्हणून गेला असाल, नाहीतर छातीला बिल्ला लावून वाटेवर उभे राहिला असाल. काय जमलं, काय फसलं ते सांगा. तक्रार असेल तिथं नाव नको, घडलेलं लिहा.

लोह्याहून

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं आमच्या मंडळाची पोरं वाटेवर उभी राहतात. माळेगावात माणसांबरोबर जनावरंही चालतात: घोडे, गाढवं, उंट, बैल. पहिल्या वर्षी आम्ही देवळाकडची आणि बाजाराकडची गर्दी एकाच वाटेनं जाऊ दिली. एक घोडं बुजलं आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई पडता पडता वाचली. तो क्षण अजून डोळ्यांसमोर येतो.

दुसऱ्या वर्षी जनावरांची वाट फक्कीनं वेगळी आखली. दुपारपर्यंत पायांनी फक्की पुसून गेली. मग बल्ल्या रोवून दोरखंड बांधला, तेव्हा कुठं जमलं. पण दोरखंडापेक्षा जास्त कामाला आलं ते आदल्या रात्रीचं फिरणं. घोडेवाल्यांच्या डेऱ्यांवर जाऊन, चहा पीत, "मामा, उद्या ह्या अंगानं न्या" असं सांगितलं. रात्री असं सांगितलेलं ते पाळतात. दुसऱ्या दिवशी गर्दीत शिट्ट्या मारून कितीही सांगा, कुणी ऐकत नाही.

आणखी एक. "गेट क्रमांक 3" म्हणून फलक लावले होते. खेड्यातून आलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? "गाढवाच्या बाजाराकडं", "मोठ्या पाळण्याच्या मागं" असं लिहिल्यावर विचारणारे निम्म्यानं कमी झाले.

पैठणहून

नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, मी आणि माझी जाऊबाई वाट सांगायला उभ्या राहतो. सगळ्यात जास्त विचारलं जातं, "नाथाचं मंदिर कुठं?" आणि उत्तरं दोन आहेत. गावात नाथांचा वाडा आणि गोदावरीकाठी समाधी मंदिर. पहिल्या वर्षी मी विचार न करता सगळ्यांना समाधीकडं पाठवत होते. काहीजण वाड्यात थांबलेल्या आपल्या माणसांना शोधत होते, ते परत माझ्याकडंच आले, घामानं भिजलेले. आता मी आधी विचारते, "दर्शनाला जायचंय का माणसं शोधायचीत?"

दिंडीतून चुकलेली म्हातारी माणसं हे तर वेगळंच दुखणं. एका आजींना गावाचं नाव माहीत, पण राहुटी कुठं पडली ते सांगता येईना. "नळ आहे जवळ, अन् एक लिंबाचं झाड," एवढंच. वाळवंटापासून निघून त्यांच्यासोबत दोन तास फिरले. त्यांनी माझं बोट एकदाही सोडलं नाही. तेव्हापासून आम्ही एक वही ठेवतो: कोणत्या गावची दिंडी, मुक्काम कुठं, वीणेकऱ्यांचा नंबर काय. दिंड्या उतरतात त्याच संध्याकाळी फिरून ती भरतो. आणि भेटेल त्या बाईला सांगतो, नंबराची चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधा. फोन हरवतो, पिशवी हरवते, गाठ हरवत नाही.

नांदेडहून

2008 साली गुरु-ता-गद्दीचा, म्हणजे शिखांच्या ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. एका सेवादाराला मी रस्ता विचारला. त्यानं हातानं दिशा दाखवली नाही, पुढच्या सेवादारापर्यंत सोबत आला आणि मला त्याच्या हवाली करून परत आपल्या जागेवर गेला. आजही मी कुठं स्वयंसेवक असलो की तसंच करतो.

लातूर जिल्ह्यातून

उदगीरला 22 ते 24 एप्रिल 2022 मध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तिथं मी मदतीला होते. माझी चूक मोकळेपणानं सांगते. नकाशा पाठ केला होता, पण सगळं मैदान स्वतः चालून बघितलं नव्हतं. एका वयस्क जोडप्याला ग्रंथप्रदर्शनाकडं जवळची म्हणून जी वाट सांगितली, तिच्यावर सावली अजिबात नव्हती. एप्रिलचं उदगीर! काका दमून परत आले, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाळ, लांबची चालेल, पण झाडाखालची सांग." दुपारी आम्ही चौघींनी मिळून सगळ्या वाटा चाललो आणि सावलीच्या वाटा नकाशावर हिरव्या शाईनं काढल्या.

कळंबहून

एकेरी वाटेबद्दल बोलायला हवं. आत जायची वाट वेगळी, बाहेर पडायची वेगळी, हे मला शंभर टक्के मान्य. 2005 साली मांढरदेवीला काय झालं ते विसरता येत नाही; नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि माणसं एकमेकांवर पडली. म्हणून नारळ फोडायची जागाही चालायच्या वाटेपासून लांबच हवी.

पण एकेरी वाट करताना चपलांचा विचार कुणी करत नाही. चैत्रातल्या एका यात्रेत चपला आत जायच्या दारापाशी काढायला लावल्या आणि बाहेर काढलं पार मागच्या बाजूनं. परत येताना तापलेल्या डांबरावरून लहान पोरगी पायाला चटके बसून रडत होती. माझं उपरणं फाडून तिच्या पायांना बांधलं. चपलांच्या पिशव्या बाहेरच्या दारापाशी नेऊन ठेवायला हातगाडी आणि चार माणसं पुरली असती.

परभणीहून

मी चाकाच्या खुर्चीवर असतो. आपली काळी माती कोरडी असली तर भेगा, भिजली तर चिकटा. एका मेळाव्याच्या आदल्या रात्री पाऊस पडला. अपंगांसाठी बॅटरीवरची गाडी ठेवली होती, तीच चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली. कुणीतरी ताडपत्री अंथरली, तिच्यावरून माणसं घसरायला लागली. शेवटी चार अनोळखी पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. त्यांचे उपकार आहेतच, पण हजारो लोकांसमोर असं उचलून नेलं जाणं मला नको असतं.

यंदा आमच्या गावच्या सप्त्यात मी आधीच जाऊन बसलो. मांडवापर्यंत मुरूम टाकून दबवून घेतला, दोन खुर्च्या शेजारून जातील एवढा रुंद. दोन ट्रॉली मुरमात भागलं. त्या वाटेनं सगळ्यात जास्त कोण गेलं? लेकरांच्या गाड्या घेऊन आलेल्या आया आणि पंगतीची पातेली वाहणारी माणसं. मी स्वतः, कुणाचा हात न लावता, कीर्तनाला पहिल्या ओळीत गेलो.

धागाकर्ता

आईला सगळं वाचून दाखवलं. मुरमाची गोष्ट तिनं दोनदा वाचायला लावली. ती विचारते, वाटेत मधी मधी बसायला नुसती एक बाज टाकली तर?

लोह्याहून

बाजा आमच्या घरात चार पडून आहेत. माळेगावला पार्किंगपासून देवळापर्यंत टाकतो, वरून कडब्याची सावली करतो. आईंना घेऊन या.