बांधावर करवंदाचं जिवंत कुंपण: अंतर आणि अनुदान?

प्रश्न: १०० मीटर बांध, मुरमाड जमीन. रोपं किती लागतील? रोजगार हमीतून काही मिळेल का?

उत्तर १: नागमोडी दोन ओळी (एका ओळीचं रोप दुसरीतल्या दोन रोपांच्या मधोमध), रोपांत आणि ओळींत दोन-दोन फूट. साधारण ३३५ रोपं, वर १० टक्के नांग्यांसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला. एकच ओळ लावली की खालून शेळ्या शिरतात. पहिल्या पावसाळ्यानंतर शेंडे फूटभरावर छाटा, नाहीतर झुडूप वर जातं आणि बुडखा मोकळा राहतो.

उत्तर २: बी वाळवून ठेवू नका, उगवण झपाट्याने घटते. मे-जूनमध्ये पिकल्या करवंदाचं बी धुऊन लगेच पिशवीत टाका. रोपं पुढच्या पावसाळ्यात लावा. करवंदांच्या मध्ये सागरगोटा (काटेरी वेल) हवा असेल तर टणक साल दगडावर घासून बी दिवसभर भिजवा. विलायती बाभूळ मात्र नकोच, शेतात पसरते.

उत्तर ३: अनुदानासाठी जॉब कार्ड, सातबारा, आठ-अ (खातेउतारा) घेऊन आधी ग्रामपंचायतीत जा. काम ग्रामपंचायतीच्या कामांच्या आराखड्यात हवं. मंजुरीआधी खड्डे खोदले तर मजुरी निघत नाही, इथेच बहुतेक फसतात. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची संमती लेखी घ्या. तोंडी होकार पहिल्या काट्यापर्यंतच टिकतो.