अनुभव धागा: थंडीच्या तोंडावर काय लावायचं?

टोमॅटो, काकडीचे वेल उपटून झाले, वाफे मोकळे आहेत आणि हातात बियांची दहा पाकिटं. तुम्ही काय ठेवता, काय वगळता आणि का, ते लिहा. फोटो नसले तरी चालतील, आकडे मात्र हवेत.

*

चित्र बघू नका, दिवस मोजा. पहिलं दव गोठण्याची अंदाजे तारीख धरा, त्यातून पाकिटावरचे दिवस वजा करा आणि वर आणखी १४ दिवस मागे जा. दिवस लहान होत जातो तशी वाढ मंदावते, ते पाकिटावर छापलेलं नसतं. म्हणजे ६० दिवसांचं बीट ७४ दिवस आधी पेरायचं. हातात ४० दिवसच उरले असतील तर लाल गोल मुळा किंवा मेथी. गाजराचा नाद सोडा.

*

यात एक खोच आहे. कोबी-फ्लॉवरच्या पाकिटावरचे दिवस बहुधा रोप वाफ्यात लावल्यापासूनचे असतात. बी टाकल्यापासून रोप तयार व्हायचे ४-५ आठवडे वेगळे धरा.

*

पेरणीच्या वेळी माती तापलेली असते, निम्मं अपयश तिथलं. लेट्यूस आणि पालक ३० अंशांच्या वर धड उगवत नाहीत आणि बोल बियाण्याला लागतो. संध्याकाळी पेरा, वर सावली करा.

गाजराचं वेगळं. ते उगवायला १० ते १५ दिवस घेतं, बी जेमतेम एक सेंमी खोल असतं, आणि वरच्या मातीने मधेच पापुद्रा धरला की कोंब वर येतच नाही. पेरून झारीने पाणी द्या, ओलं गोणपाट अंथरा. सहाव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघा. हिरवे दोरे दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. उशीर केलात तर कोंब त्यात गुंततात आणि काढताना मुळासकट हातात येतात.

*

गाजराला ताजं शेणखत नको, फाटे फुटतात. दगडगोटेही वेचून काढा.

*

फ्लॉवर पहिल्या वर्षी टाळाच. लवकर येणारी जात उशिरा लावली, किंवा रोपं ट्रेमध्ये रखडली, की पानं पुरती वाढायच्या आतच लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तेवढाच राहतो. सगळं जमलं तरी गड्डा मुठीएवढा झाल्यावर बाहेरची पानं त्यावर ओढून सुतळीने सैल बांधावी लागतात, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. त्यामानाने कोबी समजूतदार. फक्त मागच्या हंगामात कोबी किंवा मुळा होता तो वाफा सोडून लावा, आणि पानांची खालची बाजू बघत जा. अळी तिथेच असते.

*

बीटाचं एक बी म्हणजे बियांचा झुबका, त्यातून २ ते ४ रोपं येतात. विरळणी कात्रीने करा. उपटलंत तर शेजारचंही हलतं. दोन रोपांत ८-१० सेंमी.

*

वाटाण्याचा पाला गारठा सोसतो, पण फुलं आणि शेंगा गोठतात. दिवसांचा हिशोब त्यामुळे पाल्याचा नको, शेंगांचा करा.

*

आणि कोथिंबीर?

*

उकाडा ओसरल्यावरच, नाहीतर लगेच फुलावर येते. धणे रगडून दोन फाका करा. पीठ होऊ देऊ नका. एकदम सगळे न पेरता दर १५ दिवसांनी एक ओळ.