मदत हवी आहे: सकाळी चौथ्या सेल्फला सुरू होते, दिवसभर पहिल्या (नाशिक)

नमस्कार मंडळी. गाडी 2009 ची, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर), सव्वा लाख किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही कंपनी भारी की ती' यावर जातो.

दुखणं असं. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन उचलत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू होते ती मिसिंग मारत, थरथरत. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. अर्ध्या मिनिटात शहाण्यासारखी चालायला लागते. दुपारी तासभर उभी केली तर काहीच त्रास नाही. कसारा घाट भरल्या गाडीनिशी चढते. पण बायकोला नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस गाठायची असते, आणि पाथर्डी फाट्यावरून निघताना ही पाच मिनिटं रोज जीव खातात.

एका गॅरेजवाल्याने पेट्रोलची मोटर बदला म्हणून साडेसहा हजार सांगितले. दुसऱ्याने बॉनेट न उघडताच ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून सांगितलं. म्हटलं, आधी घरी जमेल तेवढं बघू.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली, पॉलिश पेपर मारला, वरून व्हॅसलीन. मल्टिमीटरवर सकाळी 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.3 च्या खाली जात नाही, गाडी चालू असताना 14.1. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही संशयातून सुटले.

आधी एसी लावून द्वारकेच्या सिग्नलला थांबलं की गाडी बंदही पडायची, आणि मागचे हॉर्न वाजवून आपला उद्धार करायचे. त्यासाठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग) उघडली. झडपेच्या कडेला काळा चिकट थर होता. क्लीनरचा स्प्रे आणि जुना टूथब्रश, अर्धा तास. ते दुखणं गेलं. गॅरेजला दोनदा पैसे दिले असते.

आता खरी गंमत. प्लग काढले. तीन चहाच्या रंगाचे, कोरडे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र काजळी धरलेला आणि ओलसर, नाकाशी नेला तर पेट्रोल. तो पुसून पहिल्यात लावला, पहिल्याचा तिसऱ्यात. चार दिवसांनी पाहिलं तर पहिल्यातला स्वच्छ, तिसऱ्यातला पुन्हा काळा.

मोटरही तपासली. वडील मागच्या सीटला कान लावून बसले, मी किल्ली ऑन केली. 'दोन सेकंद घूं करून थांबली रे' असं त्यांनीच सांगितलं. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला, पण तो या जुन्या गाडीला जोडलाच जात नाही.

तर पुढे काय तपासू? कूलंट सेन्सर (इंजिन किती गरम ते सांगणारा) बदलून बघू का?

प्रतिसाद:
भाऊ, सेन्सरला हात लावू नका. तो बिघडला तर चारही प्लग काळे होतील, तुमचा एकच होतोय. ठिणगी कमजोर असती तर दिवसभर मिसिंग मारली असती. मला तिसरा इंजेक्टर रात्री गळत असल्याचा संशय आहे. खात्री फुकटात होते. एका सकाळी किल्ली तीनदा ऑन-ऑफ करा, दर वेळी मोटरचा आवाज थांबू द्या, मग सेल्फ मारा. लगेच उचलली तर नुसतं पेट्रोलच्या लायनीतलं प्रेशर उतरतंय. दुसऱ्या सकाळी एक्सलेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत त्या वेळी पेट्रोल बंद होतं आणि साचलेलं बाहेर पडतं. उचलली की पाय लगेच काढा, नाहीतर गार इंजिन किंचाळेल.

मूळ प्रश्नकर्ता:
काका, दोन्ही केलं. मंगळवारी किल्लीचा प्रकार, काही फरक नाही, चौथ्याच सेल्फला. बुधवारी चांगलीच थंडी होती, एक्सलेटर दाबून पहिल्याच सेल्फला उचलली! मागे काळ्या धुराचा एक भपका, शेजारच्या आजी गॅलरीतून बघत राहिल्या. आता बायको स्वतःच तसं करून स्टेशनला जाते, पण हा काही इलाज नव्हे.

प्रतिसाद:
नव्हेच. रोज पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइल पातळ करतंय. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोल जाणवलं तर इंजेक्टर झाल्यावर ऑइलही बदला. इंजेक्टर काढताना आधी मोटरचा फ्यूज उपसून गाडी चालू करा, आपोआप बंद पडेपर्यंत, म्हणजे लायनीतलं प्रेशर जाईल. इंजिन गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली हवी, आणि काम उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
वास आहे, हलकासा. रविवारी रेल (इंजेक्टर बसवलेली पेट्रोलची नळी) काढतो. मग आता विचारणं एवढंच: अंबड किंवा सातपूरकडे कोणी नुसते इंजेक्टर मशीनवर लावून गळती दाखवतं का? गाडी न नेता, चारही पिशवीत घालून आणले तर? आणि त्यांच्या रबरी रिंगा सुट्या मिळतात, की सेटच घ्यावा लागतो?