मदत हवी आहे : आई उन्हात दिवसभर पाणी पीत नाही, तिला कसं समजावू?

नमस्कार. आम्ही नागपूरचे. आई बाजारात भाजी घेऊन बसते, सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत. तिथे बायांना लघवीला जायला जागा नाही, म्हणून घरून निघाली की ती पाण्याला हात लावत नाही. नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या घरात. संध्याकाळी येते तेव्हा डोकं ठणकत असतं, पोटऱ्या वळतात, लघवी जवसाच्या तेलासारखी पिवळी. परवापासून जळजळही होऊन राहिली आहे.

तिचं म्हणणं, "लघवी कमी झाली तर किडनीला तेवढाच आराम." हे चूक आहे एवढं मला कळतं, पण का ते सांगता येत नाही. रागावून झालं, रडून झालं. तिला पटेल असं कोणी सांगाल का?

प्रतिसाद : ताई, जळजळ आहे तर उद्याच डॉक्टरांकडे न्या, लघवी तपासून घ्या. ते आधी.

आता किडनीचं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत घालतात. पाणी कमी पडलं की मेंदूतून निघणारं एक संप्रेरक त्यांना आणखी पाणी राखायला लावतं. मग तेवढीच घाण थोड्याशा पाण्यातून बाहेर काढावी लागते. यात आराम कुठला? गडद रंग त्याचाच, आणि खडे धरायचीही भीती. लघवी तुंबून राहिली की जंतूही धुऊन निघत नाहीत.

हृदयाचंही सांगा. ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, त्यातलं लिटरभर एकट्या किडन्यांकडे जातं. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने त्यातलं पाणी घटतं, हृदय जोरात धडधडतं आणि किडन्यांच्या वाट्याचं रक्त कमी होतं. घामातून मीठही जातं, त्यानेही पोटऱ्या वळू शकतात. मीठ घातलेलं ताक द्या. बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. ती बरळायला लागली किंवा घेरी येऊन पडली तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना.

धागाकर्ती : मनापासून आभार. उद्या सकाळीच नेते. १८० लिटर ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "पाणी पिईन, पण जाऊ कुठे ते सांग." बाजाराजवळच्या दोन-तीन घरी विचारून पाहते. कोणाच्या आईने, बहिणीने असा मार्ग काढला असेल तर नक्की लिहा.