‘नाते’ या रकान्यात तुम्ही काय लिहिता?

धागाकर्ता:

गेल्या आठवड्यात आरोग्य विम्याचा फॉर्म भरत बसलो होतो. नाव, जन्मतारीख, पॅन भराभर झालं आणि ‘नामनिर्देशित व्यक्तीशी नाते’ या रकान्यापाशी दोघंही थांबलो. ११ वर्षं एका घरात राहतोय. गॅस त्याच्या नावावर, वीजबिल माझ्या. एवढ्या काळात मी त्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलंय, ‘मावसभाऊ’ लिहिलंय, एकदा घाईघाईत ‘काका’ही लिहून आलोय. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

म्हणून हा धागा. पुण्यातल्या समलिंगी जोड्यांनी, एकट्या राहणाऱ्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी लिहावं. नावगाव नको, पेठ किंवा उपनगर सांगितलं तरी चालेल. सोबत आणखी एक विचारतो. घरातल्या धर्माचा त्रास आणि कायद्यात शिरलेल्या धर्माचा त्रास, यात तुम्हाला फरक वाटतो का? मला वाटतो. घरच्या देवाशी माझं बरं चाललंय. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की आम्ही ‘भारतीय कुटुंब’ या कल्पनेत बसत नाही. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला निकाल लागला की आम्हाला लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. आता संसदेत आमच्यासाठी कोण उभं राहणार, आणि कुठल्या मठाला, कुठल्या मशिदीला, कुठल्या चर्चला विचारून?

असो. तुम्ही लिहा.

नवी पेठ:

वय ६१. तो गेला त्याला चार वर्षं झाली.

रात्री दोनला छातीत कळ आली म्हणाला. रिक्षा मिळाली, दवाखान्यात पोचलो. खिडकीवर सुतळीनं बांधलेलं पेन होतं, ते कागदाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नव्हतं म्हणून मी कागदच तिरका धरून लिहीत होतो. “पेशंटचे कोण?” “भाऊ.” “आडनाव वेगळं कसं?” “मामेभाऊ.” सही घेतली. पहाटेपर्यंत मी मामेभाऊ होतो आणि माझी काही तक्रार नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याचा सख्खा भाऊ गावाहून आला. अतिदक्षता विभागात एकाच नातेवाइकाला सोडायचे, पास एकच. मी खिशातला पास काढून त्याला दिला. तो आत गेला, डॉक्टरांनी विचारलं पेशंटला कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं मला फोन लावला. मी बाहेरच्या बाकावर, पंधरा पावलांवर. काचेतून मला तो फोन कानाला लावलेला दिसत होता आणि मी इकडून गोळ्यांची नावं सांगत होतो, सकाळची, दुपारची, अर्धी कुठली, पूर्ण कुठली.

वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी पुतण्यानं दिला. ते ठीकच. दहाव्याला कावळा शिवेना. भावानं सांगितलं, आईला सांभाळीन. नाही. वहिनींनी काही बोलून पाहिलं. नाही. ऊन चढायला लागलं. तेव्हा गुरुजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आणखी कुणी जवळचं असेल तर पुढं या, बोला.” माझ्याकडे बघून म्हणाले की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुढं गेलो आणि म्हटलं, “माझ्या बीपीच्या गोळ्या मी वेळेवर घेईन.” दुसरं काही सुचलंच नाही. कावळा तरी आला नाही, शेवटी दर्भाचा करून शिवला.

फ्लॅट त्याच्या नावावर होता. मृत्युपत्र केलं नव्हतं, दोघांनाही ते अपशकुनी वाटायचं. हिंदू वारसा कायद्यानं आई वारस. आईंनी धाकट्याच्या नावानं करून दिलं. दोन महिन्यांत मी बाहेर. कुणी वाईट वागलं नाही हो, उलट माझ्या पुस्तकांना खोकी त्यांनीच आणून दिली.

तर धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. मला पुढं बोलावलं ते गुरुजींनी. पास काढून घेतला तो नियमानं.

शिवाजीनगर कोर्टाजवळचा:

नवी पेठ, नमस्कार. तुमचं वाचून कामाचं तेवढं लिहितो, इतरांसाठी.

मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाका; नॉमिनीच्या हातात पैसे येतात, हक्क वारसाचा राहतो. बँकेचं सांगायचं तर २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा.

आणखी एक, जे लोकांच्या लक्षातच येत नाही. नवऱ्यानं बायकोला दहा लाख दिले तर ती भेट. तुम्ही जोडीदाराला वर्षात ५०,००० च्या वर दिलेत तर आयकराच्या लेखी ते त्याचं उत्पन्न, कारण तुम्ही ‘नातेवाईक’ नाही. रकाना फॉर्मवरच असतो असं नाही.

विमाननगर, २४:

सॉरी, पण मला हे सगळं जरा जड वाटतंय. आमच्या ऑफिसात विम्यात पार्टनर टाकता येतो, मी टाकलाय. लग्न ही गोष्टच मुळात जुनी झाली, ती मागत का बसायचं? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, विषय संपला.

शिवाजीनगर कोर्टाजवळचा:

नोकरी बदललीत की विमा बदलेल, मग सांगा. आणि ‘गेलं’ म्हणताय ते कसं गेलं तेही आठवा. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं काढलं, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं परत आणलं, २०१८ ला पुन्हा काढलं. चार-साडेचार वर्षं मोकळे असलेले लोक एका सकाळी परत गुन्हेगार झाले होते. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.

कॅम्प:

मी मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर. माझी जोडीदार पिंपरीची. गेली नऊ वर्षं आम्ही ‘मैत्रिणी मैत्रिणी राहतात’ या नावाखाली सुखात आहोत. बायकांचं एक बरं असतं, दोघींना एकत्र बघून कुणाच्या मनात काही येतच नाही. घरमालकीण तर म्हणाली, “पुरुष आणायचे नाहीत हं!” आम्ही म्हटलं, अजिबात नाही.

२०१३ च्या त्या निकालाबद्दल वर लिहिलंय. त्या खटल्यात अपील करायला कोण कोण गेलं होतं याची यादी मी एकदा काढून वाचली होती. पहिलं नाव एका ज्योतिषाचं. मग मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ, चर्चच्या संघटना, मनुवाद्यांचा एक मोर्चासुद्धा. एरवी एका मांडवाखाली न येणारे सगळे एका बाकावर. सर्वधर्मसमभाव इतका मनापासून पाळलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

घरचं म्हणाल तर माझा मामा पाळक आहे. त्यानं मला उपासनेला येऊ नको असं कधी म्हटलं नाही. तिला नाताळला बोलावतो, करंज्यांचा डबा देतो, आणि वेदीवरून मात्र दर दोन-तीन महिन्यांनी ‘आजकालच्या कुटुंबव्यवस्थेबद्दल’ बोलतो. तेव्हा मी समोरच्या रांगेत बसलेली असते. तो माझ्याकडे बघत नाही. मी त्याच्याकडे बघते.

डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिसनं अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा कॅथलिक मैत्रिणींनी मला पेढे दिले. आम्ही प्रोटेस्टंट, आम्हाला त्याचा काय उपयोग! पण पेढे खाल्ले.

सदाशिव:

बाबा शाखेत जातात, चाळीस वर्षं. मी सांगितल्यावर ते वर्षभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. “पाणी येऊन गेलं.” “भाजी आणलीय.” असं.

जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालकांची मुलाखत आली. जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांची गोष्ट सांगून ते म्हणाले की अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही समाजात जागा आहे. बाबांनी तो मजकूर माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर चष्म्याची डबी ठेवली, उडू नये म्हणून. एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. पण त्या रात्री त्यांनी विचारलं, “तो तुझा मित्र जेवायला कधी येतो?”

मार्चमध्ये सरकार्यवाह होसबाळे म्हणाले की लग्न स्त्री-पुरुषांतच होऊ शकतं. त्या दिवशी पेपर सकाळीच रद्दीत गेला होता.

त्यानं मला एक कळलं. वर कुणी परवानगी दिली की आमच्या घरात दार उघडतं आणि वरून नाही म्हटलं की ते लोटून घेतलं जातं. बाबा वाईट नाहीत. पण माझं जेवायचं ताट कुणाच्या मुलाखतीवर अवलंबून असावं, याची मला भीती वाटते.

कोंढवा:

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, घरात मराठीच. अब्बा तरुणपणी हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या सभांना जायचे. ते १९७० ला पुण्यातच सुरू झालं. तोंडी तलाकविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला मुलगा समलिंगी आहे हे पचायला सहा महिने लागले. माझ्या मते लवकरच पचलं.

माझं दुखणं दुहेरी. मोहल्ल्यात बोलायची सोय नाही आणि बाहेर बोललो की लोकांना माझ्या तोंडून फक्त ‘तुमच्यात किती त्रास’ एवढंच ऐकायचं असतं. समान नागरी कायद्याची मला आशा होती, खोटं कशाला बोलू? मग जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात तो लागू झाला. लग्न पुरुष आणि स्त्रीचं. लग्नाशिवाय एकत्र राहायचं तर नोंदणी करा, तीही पुरुष आणि स्त्रीनंच. समान म्हणतात त्यातसुद्धा आम्ही नाहीच.

रकान्यात मी जोडीदाराला ‘भाडेकरू’ लिहितो. भाडं तोच भरतो, म्हणजे खरं तर मीच त्याचा भाडेकरू.

एक आई, कर्वेनगर:

मी रोज कर्वे पुतळ्याच्या चौकातून जाते. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती! म्हणजे कायदा झाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. पण तो नसता तर ते लग्न लग्नच ठरलं नसतं, हेही आहे. त्यांच्या मुलावर, रघुनाथरावांवर, ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ ला खटला चालला. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांच्या बाजूनं उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. केस हरले. मला हे साठाव्या वर्षी कळलं. चाळिसाव्या वर्षी कळायला हवं होतं.

कारण २००६ साली मी मुलाला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, बरा होईल, सहा महिने द्या. मी दर गुरुवारी दत्ताला जाऊन मग त्याला तिकडे न्यायची. तो १७ वर्षांचा होता, स्कूटरवर मागं बसायचा आणि परत येताना एक अक्षर बोलायचा नाही. मला वाटायचं औषध लागू पडतंय. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलं, ती बातमी त्यानंच मला पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग ‘चुकलं रे’ लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला.

मागच्या श्रावणात सत्यनारायण घातला. गुरुजी म्हणाले, जोडीनं बसायला कोण? मी म्हटलं, हे दोघं. गुरुजी क्षणभर थांबले, पाटाकडे पाहिलं, म्हणाले, “दुसऱ्यांचं गोत्र काय?” त्या मुलाला गोत्र माहीत नव्हतं. “मग काश्यप म्हणू.” झालं! शेजारच्या बाई मात्र प्रसादाला आल्या नाहीत. शिरा उरला, फ्रीजमध्ये ठेवला, तीन दिवस आम्ही तोच खाल्ला.

नवी पेठ:

कर्वेनगरच्या ताई, तुमचा शिरा वाचून बरं वाटलं.

११ डिसेंबर २०११ ला पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली, तेव्हा आम्ही दोघं पलीकडच्या फुटपाथवरून चालत होतो. हातात भाजीची पिशवी, म्हणजे कुणी विचारलंच तर भाजीला निघालोय. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं ३७७ परत आणलं. तो म्हणाला होता, “बरं झालं पिशवी घेतली होती.”

वकीलसाहेब, माझं स्वतःचं मृत्युपत्र करायचंय. फार काही नाही, थोडी ठेव आणि पुस्तकं. पुस्तकं एका संस्थेला. साक्षीदार कोण आणू? माझ्या ओळखीचे सगळे एक तर त्याचे नातेवाईक आहेत, नाहीतर मी त्यांचा मामेभाऊ आहे.

विमाननगर, २४:

काका, मी येतो. शनिवारी चालेल?

एक आई, कर्वेनगर:

मीही येते. आधार कार्ड लागतं का हो?

शिवाजीनगर कोर्टाजवळचा:

आणा. शनिवारी ११ ला. लिफ्ट बंद आहे, दुसरा मजला.